घसाऱ्यावरून कोणी कोणाला वर काढले

नाव: ओळखपत्रावर आहे ते लिहून घेतले, एरवी सगळे 'क्लचबाई' म्हणतात. वय: एकसष्ट. धंदा: मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवणे व स्वतः शिकवणे. राहणार: स्कूलच्याच वरचा मजला, जिना मागच्या बाजूने.

मी समक्ष ठाण्यात बसून, कोणाच्या दडपणाखाली न येता सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि शिक्षणासाठी आमच्याकडे असलेली मुलीची मुलगी असे तिघे राहतो. पती औषधांच्या दुकानातून निवृत्त झाले आहेत. त्यांना सगळे 'कॅप्टन' म्हणतात. ते सैन्यात कधीही नव्हते. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारबाई माझ्याकडेच गाडी शिकल्या. त्यांचा रिव्हर्स अजून कच्चा आहे. हे लिहायची गरज नाही असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, आज खरे ते सगळे लिहायचे.

आज संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात 'डोंगरातले दिवस' या विषयावर माझ्या पतींचे भाषण होते. मागे पडद्यावर जुने फोटो दाखवत होते. मी व नात पहिल्या रांगेत होतो. व्यासपीठावर वाचनालयाचे अध्यक्ष होते. भाषण सुरू होताच त्यांना झोप लागली. वाचनालयाच्या सचिवांची तक्रार अशी की, मी भाषण बंद पाडले, माइक हिसकावला, पडदा पाडला व अध्यक्षांना इजा केली. पैकी माइक मला कबूल आहे. पडदा माइकच्या वायरीत अडकून आपला आपण पडला. अध्यक्षांना इजा वगैरे काही झालेली नाही. पडदा अंगावर आल्यावर ते जागे झाले आणि आतून "दिवे गेले का हो?" असे विचारत राहिले, एवढेच.

असे का वागलात, या प्रश्नावरून सांगते. त्यासाठी मागे जावे लागेल. थोडक्यात सांगा असे हवालदारबाई म्हणाल्या. थोडक्यातच सांगते.

लग्नाला वर्षही झाले नव्हते तेव्हा आम्ही दोघे पाठीवर सामान घेऊन डोंगरात हिंडायला गेलो. तंबू, स्टोव्ह, आठवड्याचा शिधा. मळलेली वाट अशी तिकडे नव्हतीच. नकाशा पतींच्या हातात होता. तो त्यांनी उलटा धरला होता असा मी आरोप करीत नाही, कारण ते मला सिद्ध करता येणार नाही. एका धारेवरून उतरताना "इकडून जवळ पडेल" असे म्हणून त्यांनी घसाऱ्यात पाय घातला. घसारा म्हणजे सुटी खडी आणि माती. तिच्यावर पाय ठरत नाही. ते बसल्या बसल्या खाली गेले आणि एका दगडाच्या फळीला जाऊन अडकले. फळीच्या खाली दरी होती.

मी कडेला पालथी पडून पाहिले. ते डोळे गच्च मिटून, दगडाला मिठी मारून बसले होते. मी तंबूची दोरी खाली सोडली. ती कपडे वाळत घालायच्या दोरीइतकीच होती, माणूस तिने ओढून निघाला नसता. पण हाताला धरायला काहीतरी हवे म्हणून सोडली. ते म्हणाले, "मला इथेच राहू दे. तू जा." मग त्यांनी दुकानाच्या किल्ल्या कुठल्या खणात आहेत ते मला सांगायला सुरुवात केली. तेव्हा मात्र माझे डोके फिरले.

तोपर्यंत मी त्यांना 'अहो' म्हणत होते. त्या दिवशी मी म्हणाले, "ए, गप! खड्ड्यात गेल्या किल्ल्या. डोळे उघड. खाली नाही, माझ्याकडे बघ. डावा पाय उचल. अरे डावा! तो उजवा!" असे एकेक पाऊल करत त्यांना वर आणले. सकाळी घसरले ते ऊन कलल्यावर वर आले. माझा घसा बसला होता. वर आल्यावर ते माझ्या मांडीवर डोके ठेवून हमसून हमसून रडले. मीही रडले, पण नंतर, आणि रागाने. एक बकरी समोरच्या खडकावरून हा सगळा प्रकार रवंथ करत बघत होती.

भेदरलेल्या माणसाला पाय कुठे ठेवायचा हे आपल्याला सांगता येते, असे मला त्या दिवशी कळले. परत आल्यावर मी गाडी शिकले आणि मग शिकवू लागले. त्यावर आमचे घर चालले, मुलगी शिकली. म्हणजे ही नुसती गंमत नाही, हे नोंद व्हावे.

घरी आल्यावर पतींनी ही हकिकत पहिल्यांदा सांगितली ती खरी सांगितली. मग त्यांच्या मोठ्या भावाने "बायकोने वर काढला याला" म्हणून वर्षभर येताजाता चिडवले. पतींचे तोंड एवढेसे व्हायचे. मला ते बघवायचे नाही. म्हणून पुढे ते "आम्ही दोघं घसरलो" म्हणाले तेव्हा मी काही बोलले नाही. काही वर्षांनी मी एकटीच घसरायला लागले. पाहुणे आले की मी चहा करायला आत जायची, आणि ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत दरी आणखी खोल झालेली असायची. मुलीच्या लग्नापर्यंत बकरीचे अस्वल झाले होते. मी म्हणायची, जाऊ दे, कोणाचे काय जाते?

आज कोणाचे तरी जात होते. नातीची गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी निवड झाली आहे. येते की नाही ते आज रात्रीपर्यंत कळवायचे होते. गेले तीन महिने ती सॅकमध्ये वाहतुकीच्या नियमांची माझी जाडजूड पुस्तके भरून आमचा मागचा जिना चढत-उतरत होती. खाली स्कूलच्या शेजारी बसणारे दंतवैद्य एकदा विचारून गेले की घर बदलताय का. इतकी त्या पोरीची हौस.

भाषणात पती त्या जागी आले. पडद्यावर घसाऱ्याचा फोटो होता. ते म्हणाले, "ही इथे, डोळे गच्च मिटून बसली. म्हणाली, मला इथेच राहू द्या. मी वरून सांगतोय, डावा पाय उचल, डावा पाय उचल..." सभागृह खो-खो हसले. नात हसली नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, मी नाव काढून घेते गं. सगळे म्हणतात ना, मी तुझ्यावर गेलेय. मी पण अशीच कुठेतरी डोळे मिटून बसेन आणि सगळ्यांना अडकवीन." तिच्या हातात फोन होता. निरोप लिहून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी व्यासपीठावर गेले आणि माइक मागितला. पती म्हणाले, "प्रश्न शेवटी." मी म्हटले, "प्रश्न नाही, दुरुस्ती आहे." त्यावर त्यांनी माइकमध्ये जाहीर केले, "बाईसाहेबांना जरा बरं वाटत नाहीये." हे वाक्य त्यांनी बोलायला नको होते. पुढचा प्रकार वर आलाच आहे. दुरुस्ती तशीच राहिली, कारण कोणीतरी माइकचे बटण बंद केले आणि पहारेकऱ्याने पोलिसांना फोन केला.

ठाण्यात आल्यावर सचिवांनी तक्रार मागे घेतली. अध्यक्षांनी त्यांना सांगितले म्हणे, की इतका रंगलेला कार्यक्रम वाचनालयात कित्येक वर्षांत झाला नाही. मिटले आता, घरी जा, असे मला सांगण्यात आले. मी गेले नाही. ह्यांची हकिकत सगळ्या गावाने ऐकली, माझी कुठे एका ओळीतही नाही. मी जबाब देणार आणि तो लिहून घेतल्याशिवाय इथून हलणार नाही असे सांगितले. हवालदारबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही क्लासमध्येही अश्शाच होतात."

वरील मजकूर हवालदारबाईंनी मोठ्याने वाचला. माझा चष्मा माझ्याजवळ होता, मला वाचता येत होते. पण तो दारालगतच्या बाकापर्यंत ऐकू जावा अशी माझी विनंती होती. बाकावर पती व नात बसले होते. वाचून झाल्यावर नातीने विचारले, "आजोबा, हे खरं आहे?"

पतींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मला ते मी सांगतो तसंच आठवतं गं. शपथेवर सांगतो, खोटं नाही बोलत. वरून बोलावणारा तो आवाज अजून कानात आहे. इतकी वर्षं वाटत होतं, तो माझाच." पुढे म्हणाले, "पण माझा कसा असेल? मला डावं-उजवं अजून कळत नाही. म्हणून तर ही मला गाडी देत नाही."

नातीने तयार निरोप पुसला. दुसरा लिहिला, "येते", आणि पाठवला. मला आणून दाखवला. माझ्या डोळ्यांना पाणी आले. ते नोंदवू नये असे मी म्हटले, तर हवालदारबाई म्हणाल्या, आज खरे ते सगळे लिहायचे.

मजकूर मी ऐकला, मी सांगितला तसाच आहे, एक शब्दही इकडचा तिकडे नाही. म्हणून खाली सही केली. माझ्या सहीखाली आणखी एक सही आहे, ती पतींची. जबाबावर अशी भलत्याची सही चालत नाही, फारतर साक्षीदाराची चालेल, असे हवालदारबाईंनी त्यांना सांगितले. तेव्हा ते पेन मागून घेत म्हणाले, "मग मीच की. मी होतो तिथे. खाली."