निरोपाचा गुच्छ

लेकीला तपासणीसाठी आत सोडून म्हातारा दवाखान्याच्या बाकावर बसला होता. शेजारी दोन बायका बोलत होत्या.

“सून आत आहे का हो, मावशी?”

“हो, सातवा लागलाय.”

“मग नोकरी सोडली असेल.”

“का म्हणून? आमच्या शिवणकारखान्यात पोट दिसलं की साहेब गुच्छ देऊन निरोप देतात. हिलाही दिला.”

“मग?”

“गुच्छ घेतला अन् परत मशीनवर जाऊन बसली! म्हणाली, ‘साहेब, निरोप नको, हक्काची पगारी रजा द्या. बाळंतपण झालं की इथेच येणार.’”

“अगं बाई! चिडले असतील.”

“लालबुंद! पण एकेक करत सगळ्या मशिनी थांबल्या. संध्याकाळच्या आत रजा मंजूर!”

“पहिली कोणी थांबवली?”

मावशी ताठ बसल्या.

“तिची सासू त्याच रांगेत बसते, बाई.”