वाहून गेलेला कोयता

तहसीलच्या खिडकीतल्या कारकुनापुढं दगडाबाईचा नंबर आला, तशी रेशनकार्डासाठी मागं उभी असलेली जानकीबाई कान देऊन ऐकू लागली.

“बाबा, माझा गहिनीनाथ अन् सून ऊस तोडायला समुद्राकाठच्या कारखान्यावर गेलते. वादळात पालं वाहून गेली. त्यांचा काही पत्ता?”

“तिकडच्या आपत्ती कक्षाची यादी आली, मावशी. त्यांची नावं न्हाईत.”

“कावून न्हाईत? मुकादमानं तिकडल्या सायबाला फोनवर सांगितलंय ना, बारा कोयते आणलते, त्यातला एक वाहून गेला म्हणून.”

“तसंच लिवलंय. हरवलेली माणसं, कुणी न्हाई. वाहून गेलेलं सामान, एक कोयता.”

“अगं आई! कोयता म्हंजी नवराबायकोची जोडी! तुला तर ठावं हाय ना रं?”

“मला हाय. तिकडल्या सायबाला न्हाई.”

“मग तू लिव की, माणसं म्हणून.”

“माझ्या हातात न्हाई. तिकडंच जाऊन अर्ज द्यावा लागंल.”

“पंधरा दिस झाले, लेकरा. शोधायलेत तरी का त्यांना?”

“कोयता कोण शोधतंय, मावशी?”