प्रयोगशाळेतलं विरजण

सायली: आई, अण्णांच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात कशा?

यशोदाबाई: तू कशाला डब्यात हात घातला? मी लावत होते ना भात.

सायली: पट्ट्या जशाच्या तशा आहेत. एकही गोळी काढलेली नाही. मी पुण्यातून रोज फोनवर विचारायचे, अण्णांनी गोळी घेतली का. तू म्हणायचीस, घेतली.

यशोदाबाई: हळू बोल. पलीकडं शेजारच्या संजनाचं स्वयंपाकघर हाय, सगळं ऐकू जातं तिला.

सायली: जाऊ दे. कधीपासून चाललंय हे?

यशोदाबाई: गणपती बसले तव्हापासून. त्यांना सांगितलं, गोळी कुटून ताकात घालते, म्हणजे गिळायचा तरास नको. अन् ताक देते.

सायली: नुसतं ताक.

यशोदाबाई: नुसतं कसं? तुझं ताक. तूच ना बाटलीत विरजण आणलं तुझ्या प्रयोगशाळेतून. तव्हापासून संपू दिलं नाय मी ते. रोज वाटीभर काढून दुधाला लावते. माहेरी लग्नाला गेले तव्हा संजनाकडं ठेवून गेले, पण तुटू दिलं नाय.

सायली: अगं, मी ते चवीला आणलं होतं.

यशोदाबाई: चवीला? सगळ्या पाव्हण्यांसमोर सांगितलं तू, दूध आंबलं की त्यातल्या प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे पडतात, त्यांनी मेंदू शांत होतो, मन खुलतं. मामांनी विचारलं, मग लोकांच्या उदासीच्या गोळ्या सुटतील का? तर तू हसली अन् म्हणली, सुटतील एक दिवस.

सायली: एक दिवस म्हटलं होतं.

यशोदाबाई: मला वाटलं, आपल्या घरात आला तो दिवस.

सायली: आई, ते तुकडे, ते पेप्टाइड, आम्ही उंदरांना दिले. उंदीर जरा कमी बिचकले, अंधाऱ्या कोपऱ्यातून लवकर बाहेर आले. एवढंच. माणसाचं काय होतं ते अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. ताकात ते किती उतरतात, पोटात टिकतात का, डोक्यापर्यंत पोचतात का, यावर आमच्यातच वाद चाललेत.

यशोदाबाई: मग एवढी वर्षं तू केलं काय?

सायली: हेच शोधत होते. आणि घरी आल्यावर जरा जास्तच बोलले.

यशोदाबाई: पण गुण आला ना त्यांना. आपले आपण भाजी आणायला जायला लागले. ताक पिऊन मिशी पुसत म्हणायचे, सायलीच्या विरजणाला तोड नाय. त्या गोळ्यांनी नुसते पडून असायचे, जीभ जड व्हायची. अन् डॉक्टरकडं नेलं तर माझ्या जाऊबाईनं गावभर केलं, भावजींच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून. ताकाला कोण नावं ठेवतंय?

सायली: जड वाटत होतं तर डॉक्टरांना सांगायचं. अशा गोळ्या एकदम तोडायच्या नसतात. चक्कर येते, झोप उडते, माणूस चिडतो, आजार उलटतो. झोपतात का ते?

यशोदाबाई: नाय. येरझाऱ्या घालतात. काल माझ्या अंगावर ताट फेकलं. लागलं नाय, पण कधी असं केलं नव्हतं त्यांनी.

सायली: आणि आत्ता कुठे आहेत?

यशोदाबाई: सकाळीच गेले. चहा पण नाय घेतला. स्टेशनाकडं असतील. पुलावर उभं राहून गाड्या बघतात कधी कधी.

सायली: पुलावर? एकटे? मोबाईल आहे का जवळ?

यशोदाबाई: इथंच राहिला, चार्जिंगला. अशी नको बघू माझ्याकडं.

सायली: थांब, संतोषदादांना लावते, त्यांची रिक्षा तिथेच असते. हॅलो, संतोषदादा, अण्णा दिसले का तिकडे? पुलावर बघा ना जरा. नाही, झालं काही नाही, तुम्ही बघा फक्त. मी फोन चालू ठेवते. नाहीत? फलाटावर? बरं. बरं, दिसले की लगेच सांगा.

यशोदाबाई: काय म्हणला?

सायली: नाहीत तिथे. चप्पल घाल, निघू आपण.

यशोदाबाई: मी चांगल्यासाठीच केलं. डॉक्टरवर भरोसा नव्हता, तुझ्यावर ठेवला.

सायली: माझ्यावर ठेवायला नको होतास, आई. त्याचीच भीती वाटतेय मला. चल.

(दार उघडतं. अण्णा आत येतात, हातात औषधांच्या दुकानातली पिशवी.)

यशोदाबाई: अहो, कुठं व्हता तुम्ही?

अण्णा: डॉक्टरांकडे. नंबर लागायला वेळ गेला. ओरडले बरंच. गोळी पुन्हा सुरू करायची म्हणाले, कमी डोसपासून.

सायली: तुम्हाला माहीत होतं, अण्णा?

अण्णा: कडू गोळी ताकात पडली तर ताक कडू नको का लागायला? पहिल्याच दिवशी कळलं.

सायली: मग पीत का राहिलात? मला एक फोन करायचा.

अण्णा: तुझी आई पेला देऊन समोर बसायची, माझ्या तोंडाकडे बघत. आणि विरजण तुझं. म्हटलं, मी बरा झालो नाही तर पोरीचं काम खोटं पडेल. मग लागलो मिशा पुसून कौतुक करायला. भाजी आणायला जायचो तर हातगाडीसमोर उभं राहून काय घ्यायचंय ते आठवायचं नाही. हाताला येईल ते उचलून आणायचो.

यशोदाबाई: म्हणून तीन दिवस नुसती कारली आणली व्हती.

अण्णा: आज पुलाच्या पायऱ्यांपाशी गेलो, आणि मला माझीच भीती वाटली. तसाच वळलो, थेट दवाखाना गाठला.

सायली: अण्णा, माझं काम खोटं पडलं तरी चाललं असतं मला.

अण्णा: हं. पण मला नसतं चाललं.

यशोदाबाई: बसा आधी. अन् खरं सांगा आता, कसं वाटतंय?

अण्णा: वाईट. लय वाईट वाटतंय. आज मला खोटं हसायला लावू नका.