स्पिरिटची ओळ

नाही हो ताई, त्या टेबलाला टेकू नका — इकडे, या स्टुलावर बसा, हे स्वच्छ आहे. मॅडम मीटिंगला गेल्यात, तीन वाजतील यायला, आणि आल्या तरी तुम्हाला हेच सांगतील, फक्त जरा गोड शब्दांत. मी? मी डॉक्टर नाही हो. पांढरा कोट बघून सगळेच फसतात. मी इथला तंत्रज्ञ, बावीस वर्षं झाली — बाटल्या धुण्यापासून पेशी वाढवण्यापर्यंत सगळं मीच. आणि औषध म्हणाल तर ते इथे मिळत नाही. ही प्रयोगशाळा आहे, दुकान नाही. झाडपाल्याचा अर्क काढायचा, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा, काय झालं ते लिहून ठेवायचं, एवढंच काम. — हो, मरतात की. खोटं कशाला बोलू, पुष्कळ पानांनी मरतात. साबणानेही मरतात, ताई.

हसू नका — नाही, तुम्ही हसत नाही आहात, मलाच वाटलं. कुठे आहे म्हणालात मिस्टरांना? जिभेच्या कडेला, डावीकडे. केवढं? नखाएवढं. म्हणजे लवकर सापडलंय, नशीब समजा. आणि ऑपरेशन? सोमवारी. आज गुरुवार. मग सोमवारची तयारी सोडून इथे काय करताय तुम्ही? — पुढे ढकलायचं म्हणताय. महिनाभर. पानांचा गुण येतो का बघायचं आणि मग ठरवायचं. का? — शाळेत शिकवतात. हं. बोलणं गेलं तर वर्गात उभं कसं राहायचं. खरंय. नाही, खरंच, मी मान हलवतोय ती खोटी नाही. हे सगळं मी आधी ऐकलंय, शाळेच्या जागी फक्त भाजीबाजार होता. जाऊ दे ते.

इकडे बघा, लांबूनच. ही प्लेट. तळहाताएवढी, आणि तिच्यात शहाण्णव खड्डे, वाटाणाही मावणार नाही एवढाले. प्रत्येकात पेशी आहेत — कोणा एका माणसाच्या जिभेतून काढलेल्या, तो माणूस केव्हाच गेला, पण त्याच्या पेशी अजून वाढतायत, मी त्यांना एक दिवसाआड खाऊ घालतो. त्यांच्यावर अर्क टाकायचा, दोन दिवस थांबायचं, मग एक पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असली तर रंग जांभळा होतो, मेलेली असली तर पिवळाच राहतो. शेंबडं पोरही सांगेल कुठल्या जगल्या नि कुठल्या मेल्या. पण खड्ड्यातल्या पेशीला ना रक्त, ना पोट, ना यकृत. माणूस पान गिळतो तेव्हा त्याचं पोटात काय होतं, रक्तात किती उतरतं, जिभेपर्यंत काय पोचतं — त्याला वर्षं लागतात, ताई. नुसती वर्षं. हॉस्पिटलात सलाइनमधून देतात ना, त्यातलं एक औषध झाडाच्या सालीतूनच निघालंय, म्हणजे झाडात काही नाही असं म्हणणारा मी गाढव ठरेन. पण सालीपासून सलाइनपर्यंत यायला माणसांची उभी हयात गेली. तुमच्याकडे चार दिवस आहेत.

पण एक सांगा, इथला पत्ता कोणी दिला? आमची पाटीसुद्धा नाही खाली. तिसरा मजला, मागचा जिना — हे वॉचमनला धड सांगता येत नाही. हॉस्पिटलात भेटले एक गृहस्थ? तपासणीच्या रांगेत? त्यांनी लिहून दिलं. बघू. द्या इकडे.

हं.

अक्षर ओळखतो मी. अक्षर कसलं, सगळं उजवीकडे पडतंय, कोणी मागे लागल्यासारखं. ते बोलले नसतीलच तुमच्याशी. गळ्याला मफलर, हातात पाटी, पाटीवर लिहितात आणि बाहीने पुसतात, बायकोने कितीदा तरी फडकं बांधून दिलं तरी बाहीनेच. काय लिहिलं होतं पाटीवर? — 'माझ्या भावाच्या औषधाने मी जगलो.' असं लिहिलं. अगदी असंच? बरं. बरं, थांबा, मी जरा हा नळ बंद करतो.

भाऊच तो माझा. थोरला. दादा. बाजारात लिलाव पुकारायचा — पहाटे टोमॅटोच्या राशीवर उभा राहिला की चौकापर्यंत आवाज, व्यापारी म्हणायचे, याला भोंगा द्यायची गरज नाही, भोंग्यालाच याची गरज आहे. त्याला निघालं तेव्हा तुमच्या मिस्टरांएवढंच होतं. नखाएवढं. डॉक्टर म्हणाले तुकडा काढू, बोलणं थोडं जड होईल, दोन-चार महिन्यांत येईल ताळ्यावर. पण दादाने डोक्यात घेतलं, जड जिभेचा लिलाववाला कोणी उभा करत नाही. आणि त्याच आठवड्यात — त्याच आठवड्यात, ताई — माझ्या हातात एक प्लेट होती. कुंपणाला उगवतं ते झुडूप, शेळीही तोंड लावत नाही त्याला, त्याचा अर्क. आणि अर्क पडलेला खड्डा न् खड्डा पिवळा. तोवरच्या वीस वर्षांत अशी पिवळी प्लेट मी पाहिली नव्हती. मी नाचायचाच बाकी होतो. मॅडमना दाखवायच्या आधी दादाला फोन केला. म्हटलं, थांब. ऑपरेशनची घाई करू नको. मी आहे ना.

मी आहे ना, म्हटलं मी. आणि त्याच अर्काचे थेंब बाटलीत भरून त्याला नेऊन दिले.

आता चूक सांगतो. बाहेर कोणाला कळणारही नाही अशी आहे. पानाचा अर्क पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो स्पिरिटमध्ये विरघळवावा लागतो. मग प्लेटमध्ये तीन ओळी हव्यात — एकीत काहीच नाही, एकीत अर्क आणि स्पिरिट, आणि एकीत नुसतं स्पिरिट. ही तिसरी ओळ कशासाठी? तर पेशी पानाने मेल्या की स्पिरिटने, हे कळायला नको? नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी शिकवतो हे, ओरडून शिकवतो. आणि त्या दिवशी मीच ती ओळ लावली नाही. खड्डे कमी पडत होते, डोक्यात दादाचा रिपोर्ट, म्हटलं एवढ्याने काय होतंय, पुढच्या वेळी लावू. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. तीन आठवड्यांनी मॅडमनी विचारलं, स्पिरिटची ओळ कुठाय? लावली. तीही पिवळी. तेवढीच पिवळी, जराही कमी नाही. पान बिचारं काहीच करत नव्हतं, स्पिरिट जास्त पडलं होतं माझ्या हातून.

मग सांगितलं का दादाला? हेच विचारताय ना? नाही विचारत? मी तर रोज विचारतो. — नाही सांगितलं. तो फोनवर म्हणाला, आज घास कमी दुखला रे. आता थेंबांत स्पिरिट आहे, बधिरच होणार, दुखणार कसं? मला कळत होतं. मला सगळं कळत होतं हो. पण म्हटलं, अजून एक प्लेट लावू, स्पिरिट कमी करून, कदाचित खरंच काही निघेल, मग सांगावंच लागणार नाही. प्लेटवर प्लेट लावत गेलो. आणि निघालंही — अर्क दाट केला की पेशी मरायच्या, पण शेजारी ठेवलेल्या निरोगी पेशीही तेवढ्याच मरायच्या. त्यात चार आठवडे गेले. तीन आणि चार सात. सात आठवड्यांनी वहिनी त्याला ओढतच घेऊन गेली. मग नखाएवढ्यावर भागलं नाही. अर्धी जीभ, जबड्याचं हाड, मांडीची कातडी तोंडात लावली. दोन वर्षं झाली. एक शब्द येत नाही त्याला. जगला, तो त्या सर्जनच्या हातामुळे आणि वहिनीमुळे. माझ्यामुळे नाही.

आणि तो पाटीवर काय लिहीत फिरतो ते पाहिलंत तुम्ही. मी दर महिन्याला बाटली नेऊन देतो, अजूनही. त्यात काय असतं? पाणी. पाणी आणि हिरवा रंग. बंद केली असती तर का म्हणून विचारलं असतं त्याने, आणि मला ते 'का' सांगता आलं नसतं. मला वाटलं होतं, पाण्याने कोणाचं काय बिघडतंय. म्हटलं, आपलं पाप आपल्या घरात. तो रांगेत बसून लोकांना पत्ते वाटतोय हे मला ठाऊक नव्हतं, ताई. आईशप्पथ नव्हतं. किती जणांना दिलाय? तुमच्याआधी कोणी आलं नाही, पण जे आले नाहीत त्यांनी काय केलं असेल — दादाकडून झुडूप कळून त्यांनी पान आपलंआपलंच उकळून घेतलं असेल तर? जाऊ दे. म्हणजे, जाऊ कसं देऊ? आज संध्याकाळीच जावं लागणार दादाकडे. वहिनीसमोर सांगावं लागणार. तो पाटी फेकून मारेल. मारू दे.

तुम्ही मात्र सोमवारी जा. सकाळी, उपाशीपोटी, म्हणतील त्या वेळी. मास्तरांना म्हणावं, बोलणं जड झालं तरी पोरं ऐकतात, पोरांना सवय होते. तुकडाच जाणार आहे आत्ता. आत्ता तुकडाच जाणार आहे, कळतंय ना? इथे मॅडम अजून लावतातच प्लेटा, त्या झुडपातला एक भाग वेगळा काढलाय त्यांनी, बरा दिसतोय, मीही रोज लावतो, तिन्ही ओळी लावून. कधीतरी निघेलही काही. निघो. पण ते सोमवारच्या आत निघणार नाही.

उठा आता, मला इनक्युबेटर बघायचाय. — काय?

काय म्हणालात?

ऑपरेशन करू, पण सोबत थोडे थेंब तरी द्या. एवढं सगळं ऐकून. दादांना तर गुण आला, म्हणताय. ताई, मी आत्ता काय सांगितलं? पाणी. हिरवं पाणी. — तेच द्या? मास्तर त्याशिवाय टेबलावर चढायचे नाहीत? धीर येईल?

नाही. रडू नका, नाही देणार. धीर मी एकदा दिलाय. ही चिठ्ठी राहू दे माझ्याकडे. जा तुम्ही. खरंच जा, मॅडम येतील. जिना मागचाच आहे, कठड्याला धरून उतरा.