कोणती नस?

दमयंती : गादी नंतर गुंडाळ. आधी सांग, डोळ्यामागून मेंदूकडे जी नर्व्ह जाते तिच्यातून रक्त वाहतं, हे तुला कोणी शिकवलं?

मोनिका : कुणी नाय बाई. चुकलं ते.

दमयंती : चुकलं हे मलाही दिसतं. कॉलेजात बायॉलॉजी शिकवण्यात जन्म गेला माझा. कसं चुकलं, ते विचारतेय.

मोनिका : आता काय करायचंय त्याचं? मी चाललेय आप्पांबरोबर करमाडला. मला नीटची परीक्षाच नाय द्यायची.

दमयंती : जा की. वरची खोली दुसऱ्या मुलीला देईन. पुंडलिकनगरात भाडेकरूंना तोटा नाही. पण हे कुतूहल घेऊन मी झोपू कशी? तेवढं सांगून जा.

कडूबा : बाई, नका छेडू तिला. काल फोनवर लई रडली. हिची आई म्हनली, जा, घेऊन या लेकीला. डॉक्टर नाय झाली तर काय आभाळ कोसळत नाय. बारावी झाली की बी.ए. करंल.

दमयंती : कडूबा, तुम्ही पाणी घ्या. तुमच्या लेकीचा सराव पेपर दुपारपासून बघतेय मी. पोरं चुकतात तेव्हा चहूकडे चुकतात. ही एकाच खड्ड्यात पडते, पुन्हा पुन्हा. 'नर्व्ह' आली की पडली, 'व्हेन' आली की पडली. तिथून हादरते आणि पुढचे सोपे प्रश्नही सोडते. मला हा खड्डा बघायचाय.

मोनिका : क्लासचे सर म्हणाले, हे आठवीच्या पोराला येतं. सगळ्यांसमोर. अन् मागच्या बॅचमध्ये टाकलं मला.

दमयंती : का चुकतेस म्हणून विचारलं त्यांनी?

मोनिका : नाय.

दमयंती : कशाला विचारतील! पहिल्या आलेल्या पोरांचे थोबडे चौकात टांगायला वेळ आहे, मागच्या बाकावर यायला नाही. नालायक लेकाचे. बरं, मला सांग. नर्व्ह वाचलं की डोक्यात काय येतं? पुस्तकातलं नको, खरं.

मोनिका : नस.

दमयंती : आणि व्हेन वाचलं की?

मोनिका : नसच.

दमयंती : हात्तिच्या!

मोनिका : खोलीत बसून वाचते तेव्हा कळतं हो बाई. चेता वेगळी, शीर वेगळी, दहावीला मराठीतनं घोकलंय सगळं. पण पेपरात घड्याळ पळतं. इंग्रजी वाचायचं, मनात मराठी करायचं, परत इंग्रजीत यायचं. नर्व्हची नस होते, अन् नस म्हटलं की रक्त आलंच.

कडूबा : चेता? ही कोन?

मोनिका : नर्व्हला म्हणतात आप्पा.

कडूबा : मंग नसच म्हन की. आमच्याकडं सगळ्याला नसच म्हनत्यात. मलाच नसंचा त्रास हाय.

दमयंती : कोणत्या नसेचा?

कडूबा : कोनत्या म्हंजी? पायाच्या.

दमयंती : मोनिका, सोड ती गादीची दोरी. वडिलांना विचार.

मोनिका : काय विचारू?

दमयंती : कोणती नस, ते.

मोनिका : आप्पा, नेमकं काय होतं?

कडूबा : झोपेत नस चढती.

मोनिका : कुठं?

कडूबा : पोटरीत. गोळा येतो, दगडावानी. तुझी आई चोळती, मंग उतरतो.

मोनिका : मग ती नस नाय. मांस आखडतं ते. स्नायू.

कडूबा : नस नाय? आन मंग डॉक्टरनं नसंच्या गोळ्या कशाच्या दिल्या?

दमयंती : तुम्ही काय सांगितलं होतं त्यांना?

कडूबा : नसंचा त्रास हाय म्हनून.

दमयंती : पायाला हात लावला का त्यांनी?

कडूबा : नाय. बाहेर लई गर्दी व्हती.

दमयंती : झालं! तुम्ही नस म्हणालात, त्यांनी नस लिहिली. पाय राहिला चपलेत.

मोनिका : अजून काय होतं आप्पा?

कडूबा : आंगठा बधिर हाय. चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाय.

मोनिका : नुसता अंगठा? का वरनं काही येतं?

कडूबा : वरनंच की. कमरंतून कळ निघती, मांडीमागून सर्रर खाली. शिंकलो तर डोळ्याला पानी.

मोनिका : मग ही खरी नर्व्ह. दुखणं कमरेत असंल, अंगठ्यात कळतंय. तिथं दाबली जात असंल ती.

कडूबा : दाबली म्हंजी रगात अडकत आसंल.

मोनिका : रक्त वाहायची नळीच नाय ती.

कडूबा : मंग वाहतं तरी काय तिच्यातून? नुसतीच दोरी हाय का?

मोनिका : वाहतं ना. निरोप.

कडूबा : कुनाचा?

मोनिका : पायाचा. खडा टोचला, चटका बसला, तर मेंदूला सांगायला. तुमचा निरोप कमरेपाशी अडतोय, म्हणून चप्पल निसटलेली कळत नाय.

दमयंती : हे कोणत्या पुस्तकात आहे?

मोनिका : कुठंच नाय बाई. आता आलं तोंडात.

कडूबा : येवढं हाय व्हय? मला वाटलं त्या फुगलेल्या नसा हाईत ना, त्यांचंच हे सगळं.

मोनिका : कोणत्या फुगलेल्या?

कडूबा : हाईत, याच एका पायाला. त्या काय जास्त दुखत नाय.

मोनिका : दाखवा.

कडूबा : बाईंच्या पुढं?

दमयंती : बेडकांचे पाय बघण्यात आयुष्य गेलं माझं. लाजू नका.

(कडूबा एका पायाची पँट गुडघ्यावर घेतो. मोनिका खाली बसते.)

मोनिका : आप्पा... हे कधीपासून?

कडूबा : शेंद्र्याच्या कंपनीत लागलो, तवापासून. मशीनपाशी उभंच राहावं लागतं.

दमयंती : बसायला साधं स्टूल नाही?

कडूबा : बसलेला मानूस साहेबाला खपत नाय.

दमयंती : त्या साहेबाला एक दिवस तिथं उभा करा. संध्याकाळी रांगत जाईल घरी.

मोनिका : मला कधीच नाय दाखवलं तुम्ही.

कडूबा : तू कवा इचारलं?

मोनिका : ...निळी आहे. मऊ. दाबली की जिरते, सोडली की परत भरते. हिच्यात रक्त आहे. उभं राहून खालीच साचतंय, वर चढत नाय. ही व्हेन.

दमयंती : आता पेपरात नर्व्ह आली, तर काय दिसेल?

मोनिका : आप्पांचा अंगठा.

कडूबा : आता गं! माझा आंगठा चालला परीक्षेला.

दमयंती : जाऊ द्या, तेवढंच पुण्य.

कडूबा : बाई, हसन्यावारी नका नेऊ. खरं सांगा, लागंल का हिचा नंबर?

दमयंती : माहीत नाही. लाखोंनी पोरं बसतात आणि हिचं फिजिक्स अजून कच्चं आहे. यंदा नाही लागला तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच रडगाणं. खोटा धीर मी देत नाही कुणाला. पण ही मठ्ठ नाही, एवढं लिहून देते. उद्या तुमच्या गावचा माणूस नसेचा त्रास म्हणून डॉक्टरपुढे बसेल, तेव्हा कोणती नस असं विचारणारं कुणी तिथं हवं की नको?

कडूबा : हवं तर हाय. पन मागच्या बॅचचं कसं?

दमयंती : बसू दे मागच्या बॅचमध्ये. तिथं कुणी फोटो काढायला येत नाही, अभ्यास तरी होईल. तिच्या मराठीचं आणि त्यांच्या इंग्रजीचं भांडण मी मिटवीन, रोज संध्याकाळी.

कडूबा : मोने, आता तूच बोल. मी काय जोरजबरी करनार नाय. ऊन कललंय, जालना रोडला ट्रकांची रांग लागंल. येती का माझ्यासंगं?

मोनिका : आप्पा, तुम्ही दोन्ही पायांवर सारखेच उभे राहता ना?

कडूबा : मंग? एका पायावर बगळा उभा राहतो.

मोनिका : मग या एकाच पायाला का?

कडूबा : अगं, मी काय इचारलं तुला?

मोनिका : ऐकलं मी. आधी दुसऱ्या पायाची पँट वर घ्या.