न दुखणारा चट्टा

निजामाच्या अमलातलं तुळजापूर. दवाखान्यापुढच्या रांगेत खरूज झालेल्या सारजाबाई. मागे लेकीला घेऊन इरम्मा.

"पोर तर चांगली दिसती, इरम्मा."

"हातावर फिक्कट चट्टा हाय. खाजत न्हाय, दुखत न्हाय, म्हणून गप बसले."

"दिसंना कुठं."

"लगीन ठरलंय. पाहुण्यांना दिसू नये म्हणून वर वेल गोंदली."

"मग आज कशापायी आलाव?"

"बोटं वाकायलीत. भाकर थापता येईना."

"गोंदताना लई रडली असंल."

"न्हाय. सुई टोचत व्हती अन् ही हसत व्हती. गोंदणारी म्हणली, लई धीराची पोर. म्या गूळ वाटला."

"हसत व्हती? म्हंजी चट्ट्यावर सुई कळलीच न्हाय तिला?"

"व्हय."

"इरम्मा, माझी खरूज ऱ्हाऊ द्या. तुमी म्होरं व्हा."

"लगीन व्हईल न्हवं हिचं?"

"तुमी आधी म्होरं व्हा."