तीन खड्ड्यांतले बाबा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील नगराध्यक्ष आणि इमामसाहेब, हाडांवरून माणसं ओळखणाऱ्या, आज निवृत्त होणाऱ्या डॉक्टर डुब्राव्काबाई, आणि युद्धात बेपत्ता झालेल्या आपापल्या माणसांची वाट पाहणाऱ्या बंधुभगिनींनो,

मी मुनिब, द्रिना नदीकाठच्या खेड्यातला सुतार. भाषणाची सवय नाही, सांभाळून घ्या.

बाबांना मारून पुरलं, ते युद्ध संपून बरीच वर्षं लोटली होती. एका सकाळी फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज पढून मी पहिल्या बसने बाईंच्या प्रयोगशाळेत आलो. बाबा सापडले, असा निरोप होता. बाईंनी आधी कॉफी पुढे केली. मग म्हणाल्या, "मुनिब, पाठीचा कणा आणि उजवा हात मिळालाय. बाकीची हाडं नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"पुरावा लपवायला मारणाऱ्यांनी खड्डे यंत्राने उकरले, प्रेतं दुसरीकडे नेली. तुझे बाबा दोन खड्ड्यांत मिळाले. बाकीचे तिसऱ्या खड्ड्यात असणार; तो कुठे आहे, ठाऊक नाही."

घरी आई कडाडली, "अर्धा नवरा मी घेणार नाही! पुरा आण म्हणावं त्या डॉक्टरणीला." मीही तोच हट्ट धरला.

पुढे त्या मारणाऱ्यांच्या कमांडरवर खटला उभा राहिला. बाई साक्षीला गेल्या. आरोपीचा वकील हसून म्हणाला, "हाडं बोलतात का हो?"

"नाही. म्हणून तर मला यावं लागलं."

एकाच माणसाची हाडं दोन खड्ड्यांत कशी आली, ते बाईंनी कोर्टाला दाखवून दिलं. कमांडरला शिक्षा झाली. मी बातमी घेऊन धावत घरी गेलो. आई शेगडीत लाकूड सरकवत म्हणाली, "तो तुरुंगात बसला. तुझा बाप कुठं निजलाय?"

मंडळी, त्या दिवसापासून मी विचार करू लागलो. बाबांना पांगवलं त्या लोकांनी. पण पुरे मिळेपर्यंत पुरायचं नाही, असं म्हणून मी त्यांचीच मर्जी राखत होतो ना? आणि कयामतीला माणूस गोळा करणाऱ्या अल्लाला आमच्या मोजदादीची काय गरज?

बाई, दफनाचं काय ठरलं ते विचारायला तुम्ही दरवर्षी फोन केलात, घाई कधीच केली नाहीत. काल मी बाबांना प्रयोगशाळेतून गावच्या मशिदीत घेऊन गेलो, तेव्हा काही विचारलंही नाहीत. तुमचे उपकार मोठे आहेत. माझं काही अधिकउणं बोलणं झालं असेल, तर सर्वांनी पोटात घालावं.

आज पहाटे आईला म्हणालो, "बाबांना कब्रस्तानात नेतोय."

"पुरे मिळाले?"

"नाही."

तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाली, "हात जपून धर."

गावच्या कब्रस्तानात त्यांना माती दिली. मी तिथूनच आलोय.